एका पोळीनं काय होते

लिहून ठेवणार: दुर्गाबाई केशवराव घाटोळ, वय ६६ वर्षे, धंदा शेती व फुले-भाजी विक्री, राहणार मौजे हिवरखेड, ता. तेल्हारा, जि. अकोला.

आज सकाळी उपाशीपोटी माझी शुगर ११८ भरली. डोके ठिकाणावर आहे, कोणाचे दडपण नाही, कोणी गोड बोलून लिहायला बसवलेले नाही. मधुमेहाला चौदा वर्षे झाली. तो मला सांभाळता येतो, घरची माणसे सांभाळता येत नाहीत. सबब हे मृत्युपत्र मी स्वहस्ते लिहीत आहे. कायद्याचे शब्द अकोटचे वकील भगवंतराव यांनी सांगितले. बाकीचे माझे आहेत, ते त्यांनी खोडू नयेत.

१. शेत. माझ्या नावचे दोन एकर दहा गुंठे ओलिताचे शेत, विहीर व पंपासह, माझ्या पश्चात मुलगा जीवन व सून मोनाली यांना निम्मे-निम्मे मिळावे. जीवनवर रागावून सगळे मोनालीच्या नावे करणार होते. तीच नको म्हणाली. "आई, मंग ते अजूनच चिडून खातीन." तिचे म्हणणे खरे आहे.

२. राहते घर त्याच दोघांचे. मात्र स्वयंपाकखोलीवर हक्क एकट्या मोनालीचा. जीवनने तिथे विचारून पाऊल टाकावे आणि डब्यांची झाकणे उघडू नयेत.

३. फुले तोलायचा इलेक्ट्रिक काटा मोनालीला. डॉक्टरांनी भाकर मोजून खा म्हटल्यावर मी एका भाकरीचे पीठ या काट्यावर ठेवले. एकशे चाळीस ग्रॅम. जन्मभर मी त्याला एक म्हणत आले, आणि ज्वारीच आहे, हिने काय होते, म्हणत तशा तीन खात आले. ज्वारीची झाली तरी भाकर पोटात गेल्यावर साखरच होते, हे अकोल्याच्या दवाखान्यातल्या आहारताईंना मला तीनदा सांगावे लागले. आता साठ ग्रॅमची करते आणि एकच खाते. सुरुवातीला भुकेने रडू यायचे. मग भाजी वाढवली.

४. माझे स्टीलचे ताट जीवनला. त्यावर मोनालीच्या नेलपॉलिशने तीन रेघा ओढलेल्या आहेत. अर्ध्यात भाजी, पावभागात वरण किंवा उसळ, उरलेल्या पावभागात भाकर. भात घ्यायचा असेल तर तो भाकरीच्या जागी, भाकरीच्या सोबतीला नाही. या ताटात वाढले की जीवन एक भाकर रेघेच्या आत ठेवतो आणि दुसरी हातात धरतो. वर म्हणतो, "च्या तं मी बिनसाखरेचाच पेतो ना." त्या चहासोबत अर्धा पुडा बिस्किटे जातात.

५. जाऊ दीपमाला, राहणार मोर्शी, हिने संत्र्याचा रस काढायचे यंत्र मला भेट दिले. "आपल्या बगीच्यातले संत्रे हायेत जाऊबाई, यात कोनं साखर टाकली?" मी सहा वर्षे तिला सांगते की डॉक्टरांनी एक संत्रे सोलून खा म्हटले आहे, सहा पिळून पी म्हटलेले नाही. ती पुढच्या वेळी मोठा पेला आणते. यंत्र खोक्यासकट तिला परत करावे.

६. मुलगी हर्षा, सासर अमरावती, हिला माझी सोन्याची एकदाणी व पाटल्या. मोबाईलवर आलेला प्रत्येक उपाय ती मला पाठवते. एका काढ्याने मधुमेह मुळासकट जातो असे तिने पाठवले, आणि मी तीन आठवडे गोळ्या बंद ठेवल्या. शुगर तीनशे चाळीसवर गेली. दोष माझाही आहे, मी काही कालची रोगी नाही. एकदाणी तिने हौसेने घालावी, काढा कोणाला पाजू नये.

७. माझ्या तेरवीला गोड होणार नाही. भाकर, वांग्याची भाजी, तुरीचे वरण, काकडी, ताक. गोड झाल्याशिवाय तेरवी होत नाही म्हणणाऱ्याने स्वतःच्या घरी जाऊन खावे. केशवरावांच्या तेरवीला शुगर असलेल्या सात जणांनी बुंदी खाल्ली आणि दोघांनी मागून घेतली. मी खांबाला टेकून मोजत होते.

८. हे मी कोणत्या तोंडाने सांगते, तेही लिहून ठेवते. आमच्यात जेवणाऱ्याने ताटावर हात आडवा धरला की त्या हाताखालून पोळी सरकवायची, अशी रीत. जिला हे जमत नाही तिचा हात आखडता म्हणतात. मी नवऱ्यालाही पाहुण्यासारखे वाढले. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते ताटावर हात धरून म्हणायचे, "दुर्गे, शुगर हाय मले." मी म्हणायची, "एका पोळीनं काय होते," आणि पुरणपोळीला भोक पाडून तूप ओतायची. मी वाढले म्हणून ते खायचे. पुढे शुगरने पाय बधिर झाले, बाभळीचा काटा मोडला तो त्यांना कळला नाही. आधी अंगठा गेला, मग गुडघ्याखालचा पाय, मग ते गेले. डॉक्टर म्हणाले, एका पोळीने झालेले नाही, बाई. ते मलाही कळते. सगळ्या पोळ्या माझ्या हातच्या होत्या.

९. भगवंतराव विचारतात, "काकू, जीवन तुमच्याआंधी गेला तं त्याचा हिस्सा कोनाले?" म्हणतात, हे प्रत्येक मृत्युपत्रात लिहितात, नुसती पद्धत आहे. महिन्यापूर्वी विचारले असते तर मीही पद्धत म्हणून एक नाव सांगितले असते. पण मागच्या पंधरवड्यात जीवन शेतातून आला आणि ओसरीवर त्याच्या डाव्या पावलाचे रक्त उमटत आले. मी विचारले, "काय लागलं रे?" तो म्हणाला, "कुठी? मले तं काईच नाई." त्याला खरेच कळले नव्हते. रक्त तपासले, तीन महिन्यांची शुगर सातच्या आत हवी, ती ११.२ निघाली. वय एकोणचाळीस. मी ओरडले, रडले, दोन दिवस बोलले नाही. पुढच्या सोमवारी तो ताटभर साबुदाण्याची खिचडी घेऊन बसला. "जेवून कुठी राहिलो, माय? उपास हाय माहा."

आता जीवन माझ्या आधी गेला तर, या शब्दांपुढे काय लिहायचे? मला सुचत नाही आणि सुचवूनही घ्यायचे नाही. वकील म्हणतात, कोरी जागा ठेवता येत नाही, मागून कोणी काहीही भरेल. नसेल लिहायचे तर आडवी रेघ मारून शेजारी सही करा. तशी रेघ मारली आहे, शेजारी सही केली आहे.

जीवन माझ्या आधी गेला तर ———————————— (सही) दुर्गाबाई घाटोळ

माझ्या पश्चात हे पाकीट जीवनने स्वतःच्या हाताने फोडावे. इच्छा एवढी एकच आहे, वरच्या सगळ्या वाटण्या आहेत.

हे सर्व वाचून, समजून घेऊन, खालील दोघांच्या देखत सही केली. त्या दोघांनीही माझ्या देखत केली.

(सही) दुर्गाबाई केशवराव घाटोळ

साक्षीदार:
१. नत्थुजी सखाराम बोळे, शेजारी, धंदा शेती (सही)
२. जयवंता भाऊराव इंगळे, आशा सेविका, हिवरखेड (सही)

ठिकाण: हिवरखेड
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५