पलीकडच्या रानासाठी होडी

३ जानेवारी
काल जेवताना वहिनींनीच विषय काढला. पलीकडचं रान दोन वर्षं पडीक आहे. रस्त्यानं वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडतो, धरणाच्या पाण्यातनं दहा मिनिटं. "भावजी, इंजिनाची होडी बघा. जुनी असली तरी चालंल. पण म्या बसंन अशी बघा." माझे थोरले भाऊ आण्णा गेल्यापासून त्यांनी पाण्याकडं तोंड केलेलं नाही. आण्णांचा मासेमारीचा परवाना आता त्यांच्या नावावर, म्हणजे जाळ्यालाही चालली पाहिजे. बघतो म्हणालो. ताटावरून उठलो.

९ जानेवारी
एसटीच्या डेपोत रजा टाकली. बायकोला, सुमनला, घेऊन उजनीकाठी. पहिली होडी पर्यटकांची. वर छत, खाली गाद्या. सुमन लगेच जाऊन बसली, फोटो काढ म्हणाली. कठडा छातीएवढा, जाळं ओढणार कुठून? "बारशाला न्यायची का?" म्हणालो. फोटो न काढताच उतरली.
दुसरी फायबरची. बूड सपाट, रुंद, कठडा बुटका. मालक म्हातारे कोळी, सगळे मामा म्हणतात. मधली फळी उचलली तर खाली मासे ठेवायचा खण, बर्फासकट दोन क्रेट बसतील एवढा. तिथंच जीव अडकला. पिंपातल्या पाण्यात इंजिन लावून दाखवलं, दुसऱ्या झटक्याला सुरू. मेकॅनिकला आणखी काय पाहिजे.

१० जाने.
पिंपात कुठलंही इंजिन पळतं. गाडी डेपोत नाही, तुळजापूरच्या घाटात बघायची, हे मीच सगळ्यांना ऐकवतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान. परत जायचं, माणसं बसवून पाण्यावर चालवून बघायची.

१४ जाने. संक्रांत.
वहिनींनी तिळगूळ दिला. गोड बोला म्हणाल्या. मला खरं बोलायचं होतं, जमलं नाही. इथं तरी लिहितो.
आमच्याकडं वडिलांपासून काहिलीत, म्हणजे गूळ करायच्या मोठ्या कढईत, बसूनच पाणी ओलांडायची रीत. त्या दिवशी सोयाबीनची पोती मी चढवली. आण्णा म्हणाले, दोन खेपा करू. मी म्हणालो, कशाला, एका खेपेत होतंय, मला ड्यूटी आहे. मी काठावर राहिलो. मधोमध गेल्यावर काहील एका अंगाला…
वाऱ्यानं उलटली असं सगळ्यांना सांगितलं. वहिनींनाही. वारा नव्हता.

१९ जाने.
उजनी. पाच माणसं बसवून दोन फेऱ्या. इंजिन दमदार. निघताना वहिनींनी सांगून ठेवलं होतं ते विचारलं, आत पाणी भरलं तर बुडती का? मामांनी मधली फळी उचलली. मग म्हणाले, "खोटं कशाला बोलू. मूळची बुडत नव्हती. फळीखाली तरंगायला फोम होता. माशाला जागा पायजे म्हणून म्याच कापून काढला."
म्हणजे मला आवडलेला खणच. सरळ नको म्हणायचं, तर मी विचारतो, निम्माच खण फोमनं भरला तर? मामांनी माझ्याकडं बघितलं. "आधी ठरवा, मासं न्यायचं का माणसं."
लाज वाटली. दोन वर्षांनी पुन्हा तेच, एका खेपेत जास्त माल. पूर्ण भरून द्या म्हणालो. मासे पाटीत ठेवू.

२५ जाने.
खण फोमनं भरला. माझ्यासमोर होडीत काठोकाठ पाणी ओतलं, वर चौघं उभे राहिले. कठड्यापर्यंत खाली गेली, पण बुडाली नाही. मी बघतच राहिलो. त्या दिवशी ही असती तर.
टेम्पोनं आमच्या नळदुर्गच्या धरणावर आणली. मामा दोन दिवस शिकवायला आलेत. सुमन होडीच्या तोंडावरच नारळ फोडायला निघाली. मामा ओरडले, "ताई, फायबर हाय! तडा जाईल!" शेवटी दगडावर फोडला. घरी कुणी हसलं, बऱ्याच दिवसांनी.

२६ जाने.
काठावर बसून लिहितोय. वहिनी सकाळी आल्या. लाइफ जॅकेट घातलं, कठड्यावर हात ठेवला आणि विचारलं, "ही वाऱ्यानं उलटायची न्हाय ना?"
सांगितलं सगळं. पोती, ड्यूटी, नसलेला वारा. वहिनी रडतील, शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी जॅकेटचा पट्टा घट्ट आवळला. मग आत जाऊन मधल्या फळीवर बसल्या. मामांना म्हणाल्या, "चला." मी पाय उचलला तर, "तुमी कडंलाच थांबा, भावजी."
दहा मिनिटांत पलीकडं. त्यांचं निळं लुगडं रानाच्या बांधावर दिसतंय, हलत नाही.
मामा एकटेच होडी घेऊन परत आलेत. वहिनी काय म्हणाल्या, विचारलं. "काय बी न्हाय. या म्हणल्या न्हाईत, नगा बी म्हणल्या न्हाईत."
इंजिन चालू ठेवून बसलेत. मला विचारतात, "येताय का?"