आईचा बुर्गू

गावच्या बेटावरून, गाओजवळ
१० जुलै १९८५

चि. माहामान यास, झेनाबूचे अ. आ.

तिकडे परमुलखात कुमासीच्या केळ्यांवर गुबगुबीत झाला असशील. इकडे सगळ्यांचीच हाडं मोजता येतात. दुष्काळात नदीकाठचा बुर्गू, आपल्या गुरांचं ते पाणगवत, मुळासकट गेला आणि त्यामागून आपली गुरं गेली, हे तुला ठाऊक आहे. पण खालच्या डोहात थोडा जिवंत बुर्गू आईला सापडला. आता पूर चढायच्या आत त्याच्या कांड्या चिखलात रोवायच्या, म्हणजे पाण्याबरोबर गवतही वर येईल. आई म्हणते, चारा आला की गुरं येतील आणि गुरं आली की माझा माहामान येईल.

दोघींच्या हातांनी किती होणार? पंधरवड्यासाठी तरी ये. आईचा खोकला अजून गेलेला नाही.

माया राहू दे.
तुझी ताई


कुमासी
२० ऑगस्ट १९८५

ति. ताईस सलाम वि. वि.

लाकडाच्या वखारीत सुट्टी मागितली तर मुकादम म्हणाला की गवत लावायला जायचं तर कायमचाच जा. तेव्हा यंदा जमत नाही. रागावू नकोस. आईला पाण्यात उतरू देऊ नकोस.

आईला दूध मिळावं म्हणून अन्सोंगो गावातल्या ओळखीच्या माणसाकडून एक गाय पाठवतो आहे. माझ्याऐवजी ती आली असं समजा. कामाला माझ्याइतकीच निरुपयोगी असेल!

लोभ आहेच, तो वाढता असू दे.
माहामान


बेट
५ ऑक्टोबर १९८५

चि. माहामान यास अ. आ.

गाय पोहोचली. लांबून चालून आलेली, उपाशी. दावं सोडताच तडक आपल्या बुर्गूत शिरली. कोवळ्या कांड्यांनी मुळं धरलेली नव्हती, एकेका घासाला सबंध रोप उपटून येत होतं. मी काठी घेऊन धावले, तर आईने मला अडवलं. लेकाने पाठवलेल्या जनावराला आल्या दिवशी हाकलायचं नाही, म्हणाली. अर्धा मळा गेला. माझा संताप संताप झाला, तुला वाटेल ते बोलले. आई मात्र गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून आई पुन्हा लावणी करते आहे. पाणी कमरेच्या वर आलं आहे, टोकाला दोन फाटे असलेल्या काठीने कांडी तळाशी दाबावी लागते. मी ओरडते, ती ऐकत नाही. रात्री अंग तापतं. गाईला आता घरी बांधून ठेवते, दूध मात्र चांगलं देते.

आठवण असू दे.
ताई


कुमासी
१० नोव्हेंबर १९८५

ति. ताईस सलाम वि. वि.

तुझं पत्र वाचून खूप हसलो आणि मग फार वाईट वाटलं. गुरांच्या घरात वाढून कोवळ्या बुर्गूच्या दिवसांत गाय पाठवली, माझ्यासारखा गाढव मीच. मुकादमाशी भांडून वखार सोडली. जानेवारीत येतो, कायमचा. बुर्गू कापायला मी असेन, आईला सांग. तिने त्याच्या कांड्यांचं गोड पाणी काढून ठेवावं, मी सगळं एकटा पिणार आहे. तोवर तिला काठावर बसव, पाण्यात सोडू नकोस.

आईला सलाम, तुला प्रेम.
माहामान


बेट
१४ डिसेंबर १९८५

चि. माहामान यास अ. आ.

तुझं पत्र काल ट्रकवाल्याने आणून दिलं. आईला वाचून दाखवता आलं नाही. ती गेल्या महिन्यातच गेली. तापाने. कळवायला मीच चालढकल केली. लिहायला बसले की दुसरं काम काढून उठायचे.

तुझी गाय वाईट नव्हती, तूही नव्हतास. आईनेच शेवटच्या दिवशी हे निक्षून सांगितलं. मीही आता गाईवर रागावत नाही, तिला चारा घालते.

बुर्गू पाण्याच्या वर हातभर आला आहे. वाऱ्यावर हलतो. परवा लांबच्या गावची माणसं नाव थांबवून बघत होती, कुणी लावला म्हणून विचारत होती.

एकदा धरला की तो दरवर्षी आपला आपण येतो, पुन्हा लावावा लागत नाही. तेव्हा लावणीला ये, कापणीला ये, असं यापुढे मी लिहिणार नाही. कामासाठी येऊ नकोस. मी एकटी आहे, म्हणून ये.

वाट बघते आहे.
ताई