डेल्फिनला बागियोत सोडताना

४ ऑगस्ट

आले बागियोला! सकाळी डेल्फिनला मूठमाती दिली आणि दफनभूमीच्या फाटकातूनच बस धरली. मायलीन फोनवर कडाडली — "आई, मयतावरून थेट घरी येऊ नये, वाटेत थांबावं, म्हणजे गेलेलं माणूस मागोमाग घरात शिरत नाही, हे मलाही कळतं. पण लोक कोपऱ्यावर कॉफी पिऊन येतात! इथे प्रार्थनेला बायका जमल्यात, आणि तू डोंगरावर?"

म्हटलं, तुझा बाप कॉफीवर चकणारा नाही.

जन्मभर या माणसानं मला सांगितलं — भात किती शिजवायचा, खिडकी कुठली उघडायची. आता घर माझं! त्याला इथे सोडायचं, मगच दार उघडायचं. ठरलंय.

५ ऑगस्ट

पाऊस आणि धुकं. गावात चिटपाखरू नाही. पार्कातले घोडे बिनकामाचे उभे, गुलाबी रंगवलेल्या आयाळी चिंब. लॉजमध्ये पाहुणी मी एकटीच. मालकीण फेलिसा तोंडानं फटकळ, पण बाई भली. नाश्त्याला सुका मासा तळून घेतला! घरी डेल्फिन नुसत्या वासानं घर डोक्यावर घ्यायचा. मुद्दाम दोन तुकडे जास्त खाल्ले.

६ ऑगस्ट

काय झोपले! घोरायला कुणी नाही.

७ ऑगस्ट

फेलिसाला खरं कारण सांगून टाकलं. तिनं कपाळावर हात मारला — "म्हणजे त्याला माझ्या गळ्यात मारून जाणार होय! आणि भाडं कोण देणार त्याचं?" पोट धरधरून हसलो. मग बशा पुसता पुसता म्हणाली — "इथली थंडी सोसेल का हो पण त्याला?"

नाही सोसायची. लग्नानंतर आलो होतो तेव्हा पांघरुणातून बाहेर यायला तयार नव्हता. कुडकुडू दे! मला काय त्याचं?

८ ऑगस्ट

तळ्यावर गेले. सगळ्या नावा बांधलेल्या. नाववाला म्हणाला, "आजी, एकट्याच? वल्ही मारता येतात?" म्हटलं, तू दोर सोड.

नाव जागच्या जागी गोल गोल. डेल्फिन असता तर ओरडला असता — "डावं! अगं, डावं मार!" डावं मारलं. सुतासारखी सरळ गेली. असा राग आला त्याचा! मग तळ्याच्या मधोमध भोकाड पसरून रडले. बघायला कुणी नव्हतं म्हणून बरं.

फेलिसानं कशाचा विचार करताय म्हणून विचारलं. कशाचा नाही म्हटलं. उद्या निघायचं.

९ ऑगस्ट

बसस्टँड. दोन तिकिटं मागितली. खिडकीतली पोरगी म्हणाली, "अहो, दोन कशाला? आख्खी गाडी रिकामी आहे. एका तिकिटावर ऐसपैस बसा."

म्हटलं, दे गं बाई. बिनतिकिटाचे बसायचे नाहीत आमचे हे.