एकशे चाळीसखालचं टिंब

अण्णा, काल नातीनं तिच्या कॉमर्सच्या पुस्तकातलं एक गणित माझ्यापुढं सरकवलं. एका व्यापाऱ्याच्या खात्यात रक्कम चुकीची लागली आहे, दुरुस्तीची नोंद करा. एक ओळ लिहायची की चूक दुरुस्त! मला अशी शिसारी आली की मी पुस्तक मिटूनच टाकलं. तिला वाटलं, आजीला जमत नाही. जमतं की. तुम्हीच तर शिकवलंत.

मोंढ्याच्या बाजारातल्या आडत दुकानावर तुम्ही मुनीम. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला तशा तुम्ही चोपड्या घरी आणू लागलात. दुपारी आई चूल सारवून पडली की स्वयंपाकघरात पाट मांडून माझी शाळा भरायची. आधी रोजमेळ, म्हणजे रोजच्या व्यवहाराची वही, मग त्यावरून माणसागणिक खतावणी. आलेलं जमेला, गेलेलं नावे. चुकले की टपली. पान उलटताना तुम्ही दरवेळी बोट जिभेला लावायचात. तुमच्या विड्यानं त्या पानांचे कोपरे तांबूस, चिकट झालेले असायचे. तो वास तेव्हा मला आवडायचा.

निजामाचं राज्य गेलं आणि मागोमाग त्याचा हाली रुपयाही जायला निघाला. मालकानं हुकूम सोडला, सगळ्यांच्या ठेवी कलदारात, म्हणजे हिंदुस्थान सरकारच्या रुपयांत करा. सात हालीचे सहा कलदार. तुमची एक रीत होती: कुणी मुळातच कलदार आणून दिले असतील, तर रोजमेळात त्या आकड्याखाली एक बारीक टिंब. टिंब असेल ती रक्कम तशीच उतरवायची, नसेल तिला सहानं गुणून सातानं भागायचं. सगळी खाती मी तीन दुपारांत पेन्सिलीनं करून दिली. मी केलेले भागाकार तुम्ही डोळ्यांशी धरून तपासलेत आणि आईला उठवलंत. "ऐकलं का, हिनं एक चूक केली न्हाई. पोरगी न्हाई, मुनीम हाय ही!" मग मला चोपड्या बासनात बांधायला सांगून तुम्ही बाहेर ओट्यावर गेलात. माझ्या पेन्सिलीच्या आकड्यांवर शाई दुसऱ्या दिवशी दुकानात चढली.

दिवाळीनंतर मी तुमचा डबा घेऊन दुकानात आले, तेव्हा पेडगावची ती धनगरीण गादीपुढं जमिनीवर बसलेली होती. रोगानं तिची निम्मी मेंढरं मेली होती, नव्यांचा विसार देऊन ती आपली ठेव उचलायला आली होती. तुम्ही एकशे वीस मोजून पुढं ठेवलेत. तिनं हात लावला नाही.

"मुनीमजी, म्या एकशे चाळीस दिलते. कलदारच. वऱ्हाडातल्या यापाऱ्याला मेंढरं इकली, तिकडं कलदारच चालतो, त्याचेच पैसे. इसाचा तोटा आला तर सौदा मोडतो, इसारबी बुडतो माजा."

तुम्ही जुना रोजमेळ काढलात. बोट जिभेला लावलंत, पानं उलटलीत, एकशे चाळीसवर बोट थांबलं. तुमच्या नखाखाली ते टिंब होतं. मी उभी होते तिथून मला दिसत होतं. तुम्ही मान वर करून माझ्याकडं पाहिलंत, अण्णा, आणि मग तिला म्हणालात, "हाली लिवलेत, बाई. वही काय खोटं बोलायलीय का?"

"पोरी, तुला वाचता येतं का गं? तू बघ बरं."

"तिला काय कळतंय," तुम्ही म्हणालात आणि वही मिटलीत. मी डब्याची कडी उघडझाक करत राहिले. ती बाई पैसे पदरात बांधून, कपाळावर हात मारून घेत निघून गेली. आणि तुम्ही डबा उघडलात. हात न धुता, त्याच बोटांनी भाकरी मोडून पिठल्याला लावलीत आणि मिटक्या मारत जेवलात. वर कांदा मागितलात.

घरी मी म्हटलं, टिंब होतं. तुम्ही खेकसलात, "मग काय मालकाला सांगू का, पोरीकडून वह्या करून घेतल्या म्हणून? वीस रुपये मालकाच्या घरात गेले, नोकरी माझी राहिली. तोंड मिटून बस." चार दिवसांनी, तुम्ही ती तक्रार मिटवलीत म्हणून खूश होऊन मालकानं माझ्यासाठी खण पाठवला. त्याची चोळी मी शिवली आणि मामेबहिणीच्या लग्नात मिरवलीसुद्धा.

तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, तरी कुणी जिभेला बोट लावून पान उलटलं की मी उठून जाते. लोकांना सांगत आले, माझ्या वडिलांनी एका धनगरणीला लुबाडलं. सांगताना मला बरं वाटायचं, कारण गोष्ट दुकानापासून सुरू व्हायची.

हे पत्र कुणाला द्यायचं नाहीच, तेव्हा सांगून टाकते. ते टिंब मला दुकानात पहिल्यांदा दिसलं, असंच तुम्ही मरेपर्यंत समजत होता. ते मला त्या तिसऱ्या दुपारीच दिसलं होतं, चोपड्या बांधताना. पेन्सिल हातातच होती. तुम्ही ओट्यावर शेजाऱ्यांना माझी हुशारी सांगत होता, मला ऐकू येत होतं. मी बासनाला गाठ मारली.