साऱ्यांनी चिंचेखाली जमावे

शुक्रवार, संध्याकाळ

तीर्थस्वरूप सदाशिवराव भाऊजींना कपिलचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. प्रत्यक्षात सध्या माझी आठही अंगे वाकायला तयार नाहीत, त्याचे कारण पुढे येईलच.) तुमची कंबर कशी आहे? खताची पोती स्वतः उचलू नका असे ताईने नागपूरला शिकायला जाताना बजावले होते, ते पाळता ना? की ताईची पाठ वळली आणि तुमची पुन्हा पोत्याखाली गेली? दुकानात आता गडी ठेवा, भाऊजी. वय झाले असे मी म्हणत नाही, पण झाले आहे.

इकडे सर्व कुशल. तुमची अर्पिता तर अगदी ठणठणीत आहे. तिला काही म्हणजे काहीही झालेले नाही, साधा ओरखडासुद्धा नाही, आत्ता समोर बसून पोह्याचा चिवडा खाते आहे आणि त्यातले शेंगदाणे वेचून आधी संपवते आहे. हे पहिल्यांदाच लिहून टाकतो, कारण मुकुटबनच्या बाजारातून निघालेली बातमी दारव्ह्याला पोचेपर्यंत केवढी झाली असेल याचा मला अंदाज आहे. काल तुम्ही फोनवर "रविवारी येऊन राह्यलो, पोरीचा दाखला काढून ठेव" एवढेच बोललात आणि ठेवलात. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तुमचा व्हिडिओ कॉल मी दोनदा कापला तो रेंज नव्हती म्हणून नव्हे. माझा चेहरा सध्या नातेवाइकांना दाखवण्यासारखा नाही, आणि ओठ सुजल्यामुळे मी 'भाऊजी' म्हणायला गेलो तर भलतेच काही ऐकू येते. म्हणून हे पत्र. शकीलभाईंची पिकअप उद्या दारव्ह्याला निघते आहे, त्यांच्या हाती देतो. ओळी तिरक्या गेल्या असतील तर क्षमा असावी, एकाच डोळ्याने लिहितो आहे.

आता झाले काय ते सविस्तर लिहितो, म्हणजे रविवारी तुमची फेरी वाचेल. दिवाळीनंतर शाळेला वरून एक पत्र आले. प्रत्येक शाळेने आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा करावा, सराव घ्यावा, सरावाचे फोटो पाठवावेत आणि या कामी एका शिक्षकाची नेमणूक करावी. आमच्या शाळेत शिक्षक दोनच. शंकरसिंग सर मुख्याध्यापक, आणि बाकीचा सगळा कर्मचारीवर्ग मी. सरांनी पत्र वाचले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि पत्र माझ्या टेबलावर ठेवले. नेमणूक झाली.

माझा स्वभाव तुम्ही जाणताच. तुमच्या लग्नात मांडव पेटला तर नवरदेवाला कोणत्या बाजूने बाहेर काढायचे, हे मी ताईला हळद लागायच्या आधी ठरवून ठेवले होते. (उत्तरेकडून. तिकडे आचारी होते, पण वाट रुंद होती.) अशा माणसाच्या हाती सरकारने संकटांची यादी दिली! मी ती भरतच गेलो. आग घातली, वीज घातली, साप घातला, भूकंप घातला. पूरही घातला (आमच्या नाल्यात होळीनंतर म्हशीलासुद्धा बसता येत नाही, पण असू द्या). आणि वाघ घातला, कारण केळापूरच्या बाजूला तो फिरतो हे साऱ्यांना माहीत आहे आणि वाघ काही तालुक्याची हद्द विचारून चालत नाही. मग लक्षात आले की आगीत मुलांनी बाहेर पळायचे आणि वाघ आला तर आत. दोन्ही एकदम आले तर? या विचाराने माझी झोप गेली. शेवटी शंकरसिंग सरांना विचारले. ते म्हणाले, "कपिल सर, वाघ आगीले भेते. दोन्ही आले तं प्रश्नच मिटला." सरांना रात्री झोप लागते, भाऊजी. मला त्यांचा हेवा वाटतो.

वाघाचा नियम मी मुलांकडून पाढ्यासारखा पाठ करून घेतला. जवळच्या खोलीत शिरायचे, दाराला कडी लावायची, आणि बाहेरून सर स्वतः "सर्व ठीक आहे" म्हणत नाहीत तोवर कोणीही कितीही दार ठोठावले तरी उघडायचे नाही. आगीचा नियम दुसरा. सगळ्यांनी अंगणातल्या चिंचेखाली जमायचे, रांग करायची आणि डोकी मोजायची. अंगणात सावली तेवढीच, म्हणून चिंच. 'साऱ्यांनी येथे जमावे' अशी पाटी मी स्वतः रंगवून बुंध्याला बांधली. त्या चिंचेच्या शेंड्याला आग्या मोहोळ होते. नव्हते असे नाही. आराखड्यात मी त्याचीही नोंद केली होती : 'चिंचेवर आग्या मोहोळ आहे. शांत आहे. छेडू नये.' आता सांगा, याहून अधिक काळजी माणूस काय घेणार?

राहिला प्रश्न इशाऱ्याचा. शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा. तो बराच वेळ वाजला की पोरे घरी पळतात, कारण त्यांच्या मते जगात लांब घंटेचा अर्थ सुटी हा एकच आहे. भोंगा मंजूर झाला होता, तो वाटेत कुठल्या तरी कपाटात आराम करतो आहे. तेव्हा आवाज वेगळा हवा, मोठा हवा आणि फुकट हवा. मी आमच्या स्वयंपाकीण विमलताईंचे मोठे ताट आणि झारा मागून घेतला. ताट वाजले की आग, असे ठरले. विमलताई म्हणाल्या, "सर, ताट नका वाजवू." मी म्हटले, घासून परत देतो. त्या काहून नको म्हणत होत्या हे विचारायला हवे होते. पण दुपारी त्या रोज तेच ताट वाजवून पोरांना खिचडीला बोलावतात हे मला कसे ठाऊक असणार? त्या वेळी मी टाकीवर चढून मोबाइल आभाळाकडे धरून किती पोरे जेवली ते अॅपमध्ये भरत असतो. हजेरी ऑनलाइन आणि मी हवेत.

बुधवारी सराव झाला. खुद्द केंद्रप्रमुख साहेब आले. त्यांनी येताच सांगितले की फोटोत धूर दिसला पाहिजे, धुराशिवाय आग वर कोणी मानत नाही. शंकरसिंग सरांनी लगेच एका घमेल्यात कपाशीची ओली पऱ्हाटी आणि गोवऱ्या घालून व्हरांड्यात पेटवल्या. धूर असा निघाला की साहेबांनी स्वतः 'वा' म्हटले. आम्ही तिघेही चिंचेखाली उभे राहिलो. साहेबांच्या हातात मोबाइल, शंकरसिंग सरांच्या चेहऱ्यावर फोटोपुरते हसू, माझ्या गळ्यात शिट्टी. मी ताट वाजवले. पोरे दोन्ही खोल्यांतून अशी सुटली की माझा ऊर भरून आला. मग धुराने सगळे झाकले. आणि धूर विरळ झाला तेव्हा चिंचेखाली एकही मूल नव्हते.

भाऊजी, त्या वेळी मला काय वाटले ते नीट लिहिता येत नाही. जी गोष्ट होऊ नये म्हणून मी सारा हिवाळा कागद काळे केले, ती माझ्याच हाताने झाली असे वाटले. वर्गातल्या बाकी कोणाचे नाव मला आठवेना, फक्त अर्पिताचे आठवले. शिक्षकाने असे लिहू नये. पण नागपूरला जाताना ताईने तिचा हात माझ्या हातात दिला होता. तेवढ्यात धूर चिंचेच्या शेंड्याला पोचला होता, आणि वरची मंडळी खाली चौकशीला आली.

पुढचे थोडक्यात लिहितो. मी अजिबात गडबडलो नाही. परिस्थितीचा शांतपणे आढावा घेतला, शाळेची सर्व दालने (दालने दोन) तपासली आणि मुलांच्या सुरक्षिततेची पाहणी करण्यासाठी स्वयंपाकखोलीत दाखल झालो. मुले तिथेच होती. ताट ऐकून सगळी आपापली थाळी घेऊन खिचडीला पळाली होती, आणि माश्या दिसताच त्यांनी वाघाचा नियम लावून दार बंद केले होते. म्हणजे चुकीच्या इशाऱ्यावर चुकीच्या ठिकाणी जाऊन चुकीच्या संकटाचा नियम पाळल्यामुळे सारी पोरे सुखरूप राहिली. एकाही मुलाला एकही माशी चावली नाही. माझ्या आराखड्याप्रमाणे वागली असती तर सगळी चिंचेखाली रांगेत उभी सापडली असती. दोन रात्री मी तेच पाहतो आहे : रांग, पाटी आणि वरचे मोहोळ.

असो. मुकुटबनच्या डॉक्टरांनी सुई दिली, गोळ्या दिल्या, आणि मी मोठा नशीबवान असल्याचे सांगितले. मोहोळ दुसऱ्या दिवशी आपणहून उठून गेले. पाटी मी काढून टाकली आहे. ताईला यातले काही कळवू नये, तिची परीक्षा जवळ आली आहे. तुम्ही रविवारी उन्हातान्हात यायची तसदी घेऊ नये, कंबर सांभाळावी.

आपला आज्ञाधारक (आणि सध्या जरा फुगलेला),
कपिल

ता. क. : केंद्रप्रमुख साहेबांनी गाडीतच अहवाल लिहिला. 'सराव यशस्वी. एकही विद्यार्थी जखमी नाही. धूर उत्तम.' यामुळे तालुक्यातल्या सर्व शिक्षकांना आपत्ती व्यवस्थापन शिकवण्यासाठी माझी निवड झाली आहे. मला अजून डावा डोळा उघडता येत नाही.

ता. क. दुसरा : मुख्य गोष्ट राहिलीच. दाखला मागू नका, भाऊजी. अर्पिताचे नाव निघाले की आमचा पट विसाच्या खाली जातो, आणि एकदा तो खाली गेला की ही दोन खोल्यांची शाळा किती दिवस राहील ते सांगता येत नाही. हे कारण खरे आहे. पण ते नसते तरी मी हेच मागितले असते. ती संध्याकाळी घरात असली की मी दाराची कडी एकदाच तपासतो. ती नव्हती तेव्हा उठून उठून तपासत होतो. दारव्ह्याची इंग्रजी शाळा पक्की आहे, मोठी आहे, तिथे आग विझवायचे लाल बाटले लटकवलेले आहेत, सगळे कबूल. तरीही विनंती आहे.

ता. क. तिसरा : बाबा, मी अर्पिता. मामाचा डोया सुजला हाये म्हनून पाकीट चिकटवाले मले देल्लं. मी समदं वाचलं. मामानं खोटं लिवलं हाये. ते पाहनी कराले नाही आले. साहेब अन् मोठे सर पळत जाऊन गाडीत बसले अन् काच लावून घेतली. मामा एकटेच माश्यांत आमाले शोधून राह्यले होते. दोन्ही खोल्यांत गेले, संडासात पाह्यलं, टाकीचं झाकन बी उघडलं. 'अर्पिता, अर्पिता' वरडत होते. आमी खिडकीतून हाका मारल्या पन त्यांईले ऐकू नाही आल्या. मंग दारावर आले तं मी म्हटलं, सर, पह्यले 'सर्व ठीक आहे' म्हना, नियम हाये. त्यांईनं म्हटलं. मी दार उघडलं अन् तांदयाचं ओलं पोतं त्यांईच्या अंगावर टाकून आत वढलं. विमलकाकूनं काटे काढले. मामा रडत होते, पन दुखते म्हनून नाही. ते आमाले मोजून राह्यले होते. मोजून झालं की पुन्हा मोजत. बाबा, दाखला नका काढू. मी गेली तं मामाले दार कोन उघडन?