मागच्या खोलीतली हिरवी अंडी

आई, तुझी नात बाळंतपणाला आली आहे. नल्लकुंट्याचं तेच घर, तीच मागची खोली. आज माळ्यावरून पाळणा काढताना तुझी थर्माकोलची पेटी हाती लागली, आतल्या बाजूने बल्बच्या धगीने पिवळी पडलेली. लेक विचारते, "मम्मा, ये कायकू रखे इत्ते साल?" मी म्हटलं, आजीची आहे, राहू दे. ती मराठी बोलते बरी, पण वाचायला लागली की अडखळते आणि माझं अक्षर तर तिला लागतच नाही. म्हणून हे टेबलावर उघडं ठेवून लिहिते आहे.

माझ्या पहिल्या वेळी मी दवाखान्यातून त्या खोलीत रिकाम्या हाताने आले, तेव्हा तू सगळं मांडून ठेवलेलं होतंस. शेगडी, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, आणि चादर टाकून झाकलेला पाळणा. बाळ पोटातच गेलं होतं. बाळंत झाल्यावर मी ग्लानीत होते, तरी दवाखान्याच्या दाराशी तू आयाला सांगितलेलं मला नीट ऐकू आलं: "उसकू नक्को दिखाव अम्मा, देखी तो रोतेच बैठेगी." आया बाळाला घेऊन गेली. मुलगी होती, एवढंच मला कळलं. नंतर घरी तू अळिवाची खीर आणायचीस आणि मी भिंतीकडे तोंड करायची. दुधाने छाती ठणकायची, तू घट्ट कापड बांधून द्यायचीस, आणि दोघीही तोंडातून शब्द काढायचो नाही. मला तुझा राग आला होता, आई. फार राग आला होता.

अशात तुझी एक जुनी विद्यार्थिनी टोपली घेऊन दारात उभी राहिली. तिच्या नवऱ्याने शहराबाहेर शहामृगासारखे ते इमू पक्षी पाळले होते, तेव्हा ते वेड सगळीकडेच होतं. "अंडों की मशीन खराब हो गई टीचर, थोडे दिन आपके पास रख लेव ना. आप स्कूल में बल्ब की पेटी बनाए थे ना?" टोपलीत भुशावर काळपट हिरवी, खडबडीत कवचाची तीन अंडी होती. एकेक उचलायला दोन्ही हात लागत. मला वाटलं तू तिला उंबऱ्यावरूनच वाटेला लावशील. आपल्या घरात बेकरीचा केकसुद्धा दहादा चौकशी करून यायचा! तू टोपली घेतलीस, सरळ माझ्या खोलीत आणलीस आणि म्हणालीस, "ही खायची नव्हेत. यांना ऊब लागते, आणि खोली गरम आहेच." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या बाळासाठी तापवलेली खोली तू पाखरांना दिलीस, असं मी बोललेसुद्धा. तू ऐकून घेतलंस आणि बल्बची वायर जोडत राहिलीस.

तू शाळेत गेलीस की अंडी फिरवायचं काम माझ्यावर आलं. एका अंगाला तू खडूने फुली काढली होतीस, ती खाली गेली की झालं. वीज गेली की मी चडफडत उठायची आणि पेटीवर तुझी शाल घालायची. इमूच्या अंड्याचं कवच इतकं गडद की उजेडासमोर धरून आतलं काही दिसत नाही. दिवस भरत आले की अंडं सपाट जागी ठेवून शिट्टी घालायची, आत जीव असला तर ते डुलतं. हे तू मला सांगितलंस आणि चक्क ओठांचा चंबू केलास. पोरीच्या जातीने शिट्टी मारायची नाही म्हणून मला फटके देणारी तू! हवाच जास्त निघाली, पण पहिलं अंडं हललं. दुसरंही हललं. मला त्या दिवशी कितीतरी आठवड्यांनी हसू आलं, आणि हसल्याचीच मग लाज वाटली.

त्या दोन अंड्यांतून पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं निघाली, ओली, मान टाकलेली, आणि दुपारपर्यंत ती तुझ्या पदरामागे खोलीभर धडपडायला लागली. तिसरं अंडं मात्र हललं नाही. तू शिट्टी घातलीस, मी घातली, बोटाने टकटक केली, आणखी काही दिवस वाट पाहिली. एका सकाळी तू ते पेटीतून काढलंस. वाटलं, परसात नेऊन पुरशील. तू पाळण्यावरची चादर बाजूला केलीस, खालच्या दुपट्यांतलं एक ओढलंस, त्यात अंडं गुंडाळलंस आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलंस. "घे. हवा तेवढा वेळ घे." मग तू खाली फरशीवर बसलीस, शाळा असताना. "तेव्हा दाखवायला हवं होतं गं तुला. चुकलं माझं." ते अजून कोमट होतं, आई. मी ते छातीशी धरून रडले, मोठ्याने, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता, आणि तू मला गप्प केलं नाहीस. संध्याकाळी आपण दोघींनी ते सीताफळाच्या झाडाखाली पुरलं. रात्री मी तुझ्या हातची खीर खाल्ली.

त्यानंतर आपण पुन्हा बोलायला लागलो ते तू जाईपर्यंत. भाजीपाल्यावर बोललो, माझ्या या दुसऱ्या मुलीच्या खोड्यांवर बोललो, तुझ्या गुडघ्यांवर तर रोजच. त्या सकाळचा विषय तू काढला नाहीस, मीही नाही. मला वाटायचं, सांगून झालं, सोडून दिलं, आता काय उरलं. पण आज लेकीच्या पोटावर हात ठेवला, आतून लाथ बसली, आणि कळलं की माझं एक विचारायचं राहूनच गेलं.

दवाखान्यात माझ्या त्या पहिलीला आयाच्या हातात देण्याआधी तू पाहिलं होतंस. घरातलं दुसरं कुणी तिथे नव्हतं. केस होते का गं तिला? नाक कुणाचं होतं? मी इथे राहायला आल्यापासून इतकी वर्षं तू शेजारच्या खोलीत होतीस, आणि तुला रडू येईल म्हणून मी विचारलं नाही.