स्पिरिटनं विसळलेल्या बाटल्या

प्रिय हणमंतमामा,

आज दुपारी प्रयोगशाळेत मी "मामा, हे बघा!" म्हणून ओरडले. बेसिनपाशी बाटल्या धुणाऱ्या शैलाताई दचकल्या. तुमच्या जागी आता त्या असतात. कोण मामा, असं त्यांनी विचारलं. तुम्हाला जाऊन पाच महिने झाले. पण ही गोष्ट सांगायची तर तुम्हालाच, म्हणून लिहायला बसले आहे.

उत्तर सापडलं, मामा. बाटलीतली आपली जेलं हिवाळ्यात घट्ट का बसत नव्हती, त्याचं.

ती सिलिकाची भुकटी तुम्ही पहिल्यांदा पाहिलीत तो दिवस आठवतो? डबा उघडून तुम्ही नुसता श्वास सोडलात आणि चमचाभर भुकटी हवेत! ती टोल्युईन या पातळ द्रवात ढवळली, तासभर ठेवली, बाटली उलटी केली, तर एक थेंब खाली येईना. जोरात हलवली तर आतलं सगळं ताकासारखं खळखळलं. ठेवून दिली, तर पुन्हा घट्ट. फौजेत सतरा वर्षं काढून आलेला माणूस, पण चहाची सुट्टी संपेपर्यंत तुम्ही ती बाटली उलटीसुलटी करत बसला होता.

"दही एकदा मोडलं की मोडलं, म्याडम. ह्ये परत कसं बसतंय?"

माझ्या पीएच.डी.चा विषय इतक्या थोडक्यात माझ्या गाइडनाही सांगता आला नव्हता.

मग तुम्हीच विचारलंत, हीच भुकटी स्पिरिटमध्ये टाकली तर? टाकली. नुसतं पांढुरकं पाणी. मी मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं, की टोल्युईन या कणांना जवळ करत नाही, म्हणून ते एकमेकांना धरून राहतात. स्पिरिट मात्र एकेका कणाला स्वतःच चिकटतं, मग त्यांना एकमेकांची गरज उरत नाही. तुम्ही मान डोलावलीत. म्हणजे उत्तर पहिल्याच आठवड्यात आपल्या हातात होतं! मग दोन हिवाळे मी काय करत होते?

थंडीला दोष देत होते. उन्हाळ्यात जेल छान बसायचं, डिसेंबर आला की वाहायला लागायचं. मग थंडीच, दुसरं काय? मी बाटल्यांभोवती बल्ब लावले. तुम्ही उंब्रजहून तुमची फौजेतली कांबळ आणलीत आणि बाटल्यांवर पांघरलीत. साहेब लोक हसले. जेल काही बसलं नाही.

त्याच दिवसांत तुम्ही एकदा म्हणालात, "हिवाळ्यातल्या बाटल्यास्नी वास येगळा येतूय, म्याडम." रसायनशास्त्राच्या खोलीत वास यायचाच, असं म्हणून मी तुम्हाला उडवून लावलं. का नाही मी नाक लावून बघितलं? एक बाटली, एक क्षण!

मग मी तो अर्ज लिहिला. बाटल्या हलवल्या जातात, स्वच्छतेत हलगर्जी होते, असं विभागप्रमुखांना लेखी दिलं. प्रबंध लांबत होता, गाइड चिडले होते, आणि थंडीला काही मेमो देता येत नाही. जानेवारीअखेर तुम्हाला गोदामावर पाठवलं. जाताना तुम्ही डब्यांवरची नावं पुन्हा ठळक करून गेलात. माझ्याकडं बघितलं नाहीत. खरं सांगायचं तर मीच बघितलं नाही.

आणि झालं असं, की तुम्ही गेल्यावर फेब्रुवारी संपता संपता जेलं नीट बसायला लागली! मला वाटलं, बघा, माझं बरोबर होतं.

जुलैत मिरजेला दवाखान्यात तुम्हाला बघायला आले. सलाईन चालू होतं, तरी तुम्ही आधी विचारलंत ते जेलचं. बसतंय आता, असं मी सांगितलं. तुम्ही डोळे मिटलेत.

"बरं झालं. म्हंजी माझाच हात वाईट हुता."

मी 'नाही' असं म्हणाले नाही, मामा. बसची वेळ झाली म्हणून उठले.

तुमच्या तेराव्याला, उंब्रजच्या घरी, काकूंनी मला बाजूला घेतलं. आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "ह्यांनी नेमकं काय मोडलं हुतं तुमचं, म्याडम? घरात कवा बोललं न्हाईत." मला काही सांगता आलं नाही. मोडलेलं काही असतं तर सांगितलं असतं.

आता या आठवड्यातली गोष्ट. शेजारच्या साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झालाय. चिमणीची काळी राख दरवर्षीसारखी खिडकीतून आत येतेय, पांढऱ्या फरशीवर बोट फिरवलं तर बोट काळं. शैलाताईंनी बाटल्या धुऊन स्पिरिटनं विसळल्या आणि उपड्या मांडल्या. मी म्हणाले, "राख पडतेय ताई. विसळल्या की लगेच झाकणं लावत जा." बोलले आणि तिथंच थांबले.

हे वाक्य मी आधी बोलले होते. तुम्हाला. पहिल्या हिवाळ्यात, जेलमध्ये काळे ठिपके दिसले तेव्हा.

उन्हाळ्यात राख नसते, बाटल्या उघड्या वाळतात, स्पिरिट उडून जातं. हंगामात झाकण लागलं की स्पिरिट आतच राहतं. फेब्रुवारीअखेर हंगाम संपला, झाकणं थांबली, म्हणून जेलं बसली होती; तुम्ही गेलात म्हणून नव्हे. तळाशी जेमतेम अर्धा चमचा असेल, पण तेवढ्यानं कण एकमेकांना सोडतात. आज दुपारी मी कोरड्या बाटलीत जेल बसवलं, उलटं करून खात्री केली, आणि वरून थोडं स्पिरिट घालून ढवळलं. मग तासभर वाट बघितली. तिरकी केली तर सगळं एका बाजूला वाहत आलं. तुमच्या हिवाळ्यातल्या बाटल्यांसारखं हुबेहूब! मी झाकण काढून वास घेतला. वेगळा होता.

तेव्हाच तुम्हाला हाक मारली.

एकच विचारायचं आहे. झाकणं लावायला मीच सांगितलं होतं, हे तुमच्या ध्यानात होतं का? असेल, तर प्रमुखांसमोर बोलला का नाहीत? साहेबाला साहेबाचाच हुकूम ऐकवायचा नसतो, असं काही होतं का तुमच्या पलटणीत? आणि ध्यानात नसेल, तर तुम्ही खरोखरच स्वतःचा हात वाईट समजून गेलात. यातलं कुठलं खरं असावं असं मला वाटतं, तेच मला ठरवता येत नाही. दोन्हीत गुन्हेगार मीच आहे.

माझ्या त्या अर्जावर दुसरा अर्ज लिहून ठेवलाय. उद्या सकाळी प्रमुखांना देईन. तुमच्या फायलीतला 'हलगर्जी' हा शब्द निघेपर्यंत त्यांच्या दारात उभी राहीन. प्रबंधात स्पिरिटच्या अंशाचं एक वेगळं प्रकरण घालणार आहे, आणि ते कसं सापडलं हे खरंखरं लिहिणार आहे, तुमच्या नाकासकट.

आणि रविवारी उंब्रजला येणार. काय बोलायचं ते घोकून ठेवलंय, नाहीतर पुन्हा मुकी होईन. काकूंना सांगेन की मामांनी काहीच मोडलं नव्हतं. सांगितलं तेवढंच केलं होतं, आणि सांगणारी मी होते. मग त्या मला घरात घेवोत नाहीतर उंबऱ्यावरनं परत पाठवोत.

तुमची अपराधी,
वैशाली